झोळीत कापूस होता

धाड गावच्या बाजारात गफ्फारभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची पोरगी शबाना त्याच दुकानात, उघडून ठेवलेल्या मोबाईलांच्या पसाऱ्यात वाढली. लोक कोणते फोटो पुसायचे विसरतात आणि ते पाहून कोण कसं हसतं, हे तिनं लहानपणीच पाहिलं. पुढं ती जवळच्या गावातल्या शाळेत ठेक्यावर संगणक शिकवायला लागली, तेव्हा तिनं आपल्या डोक्यानं एक तास सुरू केला. तो तास पुस्तकात नव्हता, पगारात तर नव्हताच.

"फोटो कोणाचा?" ती विचारायची.

"ज्यानं काढला त्याचा," पोरं म्हणायची.

"नाही बे. ज्याचा काढला त्याचा. त्याले विचारल्याबिगर पुढं ढकलायचा नाही. अन् काही वंगाळ झालं तर लपवू नका, घरी सांगा."

गुलाबी बोंडअळीनं गाव झोपवलं, त्याच्या पुढचं साल. बीटी कपाशीच्या बियाण्यावर भरवसा ठेवून बसलेल्यांची बोंडं आतून पोखरलेली निघत. वेचणीची मजुरी किलोवर असते. किडका कापूस वजनालाच भरेना, मग मजूर कशाला येतील? घरच्या पोरी शाळेतून वावरात आल्या. दहावीतली पुष्पांजली त्यातलीच. फांद्यांनी हात ओरबाडले जाऊ नयेत म्हणून अंगात बापाचा शर्ट अन् पोटावर बांधलेली ओढणीची झोळी. झोळी भरली की पोट फुगल्यासारखं दिसतं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात काय असतं ते.

तिच्याच वर्गातल्या शिवमनं शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून तिचा फोटो काढला अन् खाली लिहिलं, "कितवा महिना?" शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला, हसणारी तोंडं चिकटवून. तिथून तो कुठं कुठं गेला, कोण मोजणार?

पुष्पांजलीनं शिकवल्याप्रमाणं केलं. लपवलं नाही, घरी सांगितलं. बापानं शाळा बंद केली. दप्तर माळ्यावर गेलं अन् पोरगी दुसरबीडला मावशीकडं.

शबाना तिच्या घरी गेली. आई गोजरबाई दारातच उभी राहिली.

"तुमीच सांगलं होतं ना मॅडम, घरी सांगा म्हून? सांगलं तिनं."

"तिची काय चूक हाय, काकू?"

"चूक कोन इचारते? फोटोत ते पोट दिसते."

शबाना तरी जात राहिली. शिव्या खाल्ल्या, चहाही प्याली. शेवटी गोजरबाई नरमली. "परीक्षेपुरती आनतो तिले. गाव थंडं होऊ द्या."

तेवढ्यात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. 'मोबाईल जपून वापरा' या विषयावर भाषणाचा पहिला नंबर शिवमचा. शबानाचीच वाक्यं त्यानं घडाघडा म्हटली. बक्षीस द्यायला उत्तमराव. शबानाच्या हातात माईक होता, नाव पुकारायला. तिनं नाव पुकारलं नाही.

"उत्तमराव, ग्रुपवर तुमी एका पोरीचा फोटो टाकला. तिच्या झोळीत काय होतं?"

उत्तमराव घसा खाकरून म्हणाले, "कापूस."

"ठाऊक होतं?"

"हाव. सबनलेच ठाऊक राह्यते ते."

"मग टाकला काऊन?"

"मजाक व्हती, मॅडम. तुमी मजाक बी मास्तरकीवर नेता."

काही जण हसले. शबानानं पोरीचं नाव तोंडातून निघू दिलं नव्हतं. पण मंडपात किती हात मोबाईल धरून वर होते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावोगावी, खाली पुष्पांजलीचं नाव बापाच्या नावासकट, अन् जोडीला तो जुना फोटो. पाठवणाऱ्यांत कितीतरी जणांनी लिहिलं होतं, "शाब्बास मॅडम." तिची बाजू घेत घेत पोरीला पुन्हा चव्हाट्यावर आणलं मेल्यांनी.

ठेकेदारानं शबानाला काढलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. गोजरबाई दुकानात आली, त्याचं वाटलं.

"गाव थंडं होत व्हतं, मॅडम. आता नाही येत ती. तुमी बी नका येऊ."

लोक म्हणतात, शबानानं तोंड उघडायला नको होतं. मी म्हणत नाही. गप्प बसून थंड होणारं गाव पुन्हा कोणाच्या तरी पोरीवर गरम होतंच. पण दहावीचे पेपर झाले तेव्हा शिवम पहिल्या बाकावर होता, अन् पुष्पांजली दुसरबीडला कोणाच्या तरी वावरात. मावशी सांगते, झोळी आता ती पाठीवर बांधते. वेचायला अवघड जातं, पण ऐकत नाही.