मोजणीसाठी मोकळी केलेली खोली

मी मूल्यांकनकार. सरकारी, पालिकेच्या, बँकेकडे गहाण पडलेल्या जागा बघायच्या, मोजायच्या आणि बाजारात त्यांचं काय येईल ते लिहून द्यायचं, हा माझा धंदा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत माझी टेप पडली नाही असा गाव विरळाच. ऑफिसात बसून नकाशावरून किंमत ठोकणारे पुष्कळ आहेत. आपण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतले नव्हे, ही माझी घमेंड. होती, म्हणायला हवं.

एका पालिकेनं गरज संपलेल्या मालमत्ता विकायला काढल्या. कुठली पालिका ते लिहीत नाही. त्यांनी काय केलं यापेक्षा मी काय केलं ते मला सांगायचंय. यादीत बाजारामागची एक खोली होती. चिऱ्याची, मंगळुरी कौलांची, पूर्वी रखवालदारासाठी बांधलेली. कारकुनानं फोनवर सांगितलं, "कागदोपत्री तिथं कोणी नाही. त्या रखवालदाराची बायको मधेमधे असते." मधेमधे म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

सकाळी पोचलो तर ही मधेमधे असणारी बाई दारात उभी. सत्तरीच्या आसपासची, माहेर दोडामार्गकडचं. लग्न होऊन या खोलीत आली ती नवरा गेल्यावरही इथंच राहिली, बाजार झाडून पोट भरत होती. आणि खोली बघतो तर रिकामी. खाट, ट्रंक, भांडी, गॅसची शेगडी, देवांचा पाट, सगळं मागच्या फणसाखाली नेऊन ठेवलेलं. जमीन नुकतीच सारवलेली, कडेला अजून ओल होती.

"हे काय, काकी?" मी विचारलं.

"सायब मोजूक येतले म्हणान सांगल्यानी. सामान मदी असला तर तुमका टेप कशी लावूक गावतली? गणपतीच्या चवतीक रंग देवूक काढतंव, तसा काढलंय."

मग हळूच म्हणाली, "सायबानू, मोजल्यावर खोली माज्या नावार करतले मां?"

"ते पालिका बघेल," मी म्हणालो. हे माझं ठरलेलं उत्तर. मी ते सगळ्यांना देतो.

खरं सांगायचं तर मी खूश होतो. एरवी लोकांच्या कपाटामागून, पलंगाखालून टेप सरकवताना पाठ मोडते. इथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. माझा माणूस त्या दिवशी आला नव्हता, तर टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं. कोपऱ्यात अंगठ्यानं असं दाबून धरलं की तसूभर हललं नाही. मी कौतुक केलं, ती लाजली. मग फोटो काढायला घेतले. मला बसायला म्हणून तिनं एक कदेल आत आणून ठेवली होती, ती खिडकीजवळ फोटोत येत होती.

"ती कदेल तेवढी बाहेर घ्या, काकी."

तिनं लगबगीनं उचलून नेली. पुढं त्याच खुर्चीवर फणसाखाली बसून, तिच्या पसाऱ्याच्या मधोमध, मी तिचा चहा प्यायलो आणि पदेराकडचा उंडो पाव बुडवून खाल्ला.

अहवालात इमारतीची किंमत जवळजवळ शून्य लिहिली. आयुष्य संपलेलं बांधकाम, त्यात वासे आणि कौलं तेवढी कामाची. किंमत जमिनीची, रस्त्याला लागून असल्यामुळे. पुढं ताब्याचा रकाना होता. आत माणूस राहत असेल तर जागेचा भाव पडतो, आणि आधी त्या माणसाचं काय करायचं ते पालिकेला ठरवावं लागतं. मी लिहिलं: पाहणीच्या वेळी खोली रिकामी, ताबा पालिकेचा. कारकुनाचा कागद आणि माझे फोटो एकमेकांशी जुळत होते, आणि दुपारी मला तुयेला दुसरं काम होतं. कोणी लाच दिली असती तर निदान स्वतःला लबाड म्हणता आलं असतं. मी नुसता आळशी निघालो.

तिला नोटीस गेली. आपण लग्न झाल्यापासून इथंच राहतो, असा तिनं कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला. सुनावणी लागली, आणि मलाही बोलावणं आलं. त्या दिवशी नार्व्याच्या घरून निघताना देवळाच्या वाटेवर स्कूटर थांबवून मी हात जोडले. आज तोंड उघडू दे, एवढंच मागितलं.

अधिकाऱ्यानं माझे फोटो टेबलावर पसरले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण.

"हाताच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "फोटो तुमचेच ना?"

"हो."

"त्या वेळी खोलीत काही सामान होतं?"

फणसाखालची ती खाट मला दिसत होती. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग अहवालात का नाही? आणि मग माझी नोंदणी, माझं नाव, पुढची कामं.

"खोलीत नव्हतं," मी म्हणालो.

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असं तिला वाटलं असावं. ती उभी राहिली.

"तेंका कशाक इतक्या इचारतास? सायब खोटा नाय बोलत. सगळा सामान मीच भायर काढलंय. माज्या हातान."

"कोणी जबरदस्ती केली होती?"

"जबरदस्ती कित्याक? मीच काढलंय."

आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, काळजी करू नका अशी. अजूनही ओरडून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. अर्जदारानं स्वतःचं सामान स्वखुशीनं बाहेर काढल्याचं मान्य केलं, असं अधिकाऱ्यानं लिहवून घेतलं. त्याच वाक्यावर तिची खोली गेली. ते तिला वाचून दाखवलं तेव्हा प्रत्येक शब्दाला ती होकार देत होती, कारण प्रत्येक शब्द खरा होता. तिनं सावकाश सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. पेन तिनंच माझ्या हातात दिलं, आणि मी सही केली.