‘आलो’ म्हटल्याशिवाय

बळीराम घरत हा माणूस मला पहिली काही वर्षं अजिबात आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी टॉवर वॅगनचा ड्रायव्हर. रेल्वेच्या विजेच्या तारांपर्यंत माणसं पोचवणारी, छपरावर मचाण असलेली गाडी म्हणजे टॉवर वॅगन. तारेतली वीज ठरावीक वेळापुरती बंद होते, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तेवढ्यात काम उरकून गाडी मार्गातून हलवायची, नाहीतर मागे गाड्या खोळंबतात आणि कंट्रोलवाले माझ्या कानात ओरडतात. त्यामुळे मला सदा घाई. आणि बळीरामच्या सात पिढ्यांत कोणी घाई केली नसावी.

पनवेलपासून आपट्यापर्यंत आणि दुसऱ्या अंगाला चिखल्याकडे, रुळांलगतचे खांब तपासणं हे त्याचं काम. नारिंगी जाकीट घालून, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं तो चालत राहतो. प्रत्येक खांबापाशी थांबतो. पाया खचलाय का, बोल्ट ढिला झालाय का, वरचा इन्शुलेटर तडकलाय का, सगळं बघतो. वरचं बघायला दुर्बीण. बायका बाजारात वांगी निवडतात तसा खांबाभोवती फिरून फिरून बघतो आणि मगच पुढचा खांब. बरोबर चालणाऱ्याचा जीव जातो.

उन्हाळ्यात यात कावळ्यांची भर. पूर्वी म्हणे ते काटक्यांची घरटी करत. आता पनवेलभर टॉवर उभे राहतायत, जिकडेतिकडे लोखंडी सळ्या बांधायच्या तारेचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा आमचे कावळेही आरसीसीच्या घरात राहायला गेलेत. असा तुकडा घरट्यातून लोंबून पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला टेकला की सगळी लाइन बंद. म्हणून ब्लॉक घेऊन घरटी काढावी लागतात, आणि ते काम बळीरामचं. अंडी असली तर तो घरटं अलगद उतरवून जवळच्या झाडाच्या बेचक्यात ठेवतो. कावळी ते पुन्हा आपलं म्हणते की नाही, देव जाणे. बळीरामही छातीठोक सांगत नाही.

कंट्रोलनं वीज बंद झाल्याचं कळवलं की माझ्या मनानं ती बंद झालेली असते. बळीरामच्या मनानं नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड लागल्याशिवाय तो कोणाला वर चढू देत नाही. आधी खालचं टोक रुळाला घट्ट, मग वरचा आकडा तारेला. चुकून वीज आलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जावी म्हणून. हा नियम सगळ्यांनाच आहे. पण काम संपल्यावरचा नियम त्याचा स्वतःचा. रॉड काढण्याआधी तो एकेकाला नाव घेऊन विचारतो, “आलास?” ज्याचं नाव घेतलं त्यानंच आपल्या तोंडानं “आलो” म्हणायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही.

एकदा रसायनीजवळ ब्लॉक संपत आला होता. त्यानं विचारलं, “देवेश, आलास?” टोळीतल्या परेशनं आपल्या जागेवरूनच उत्तर ठोकलं, “आला, आला!”

“तुला नाय इचारला. देवेशला इचारला.”

देवेशचा पत्ता नाही. बळीराम रॉडला हात लावेना. कंट्रोलवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मी खिडकीतून ओरडलो, “अरे, खाली उतरलाय तो, मी बघितलाय!” बळीराम ढिम्म. शेवटी देवेशसाहेब करवंदाच्या जाळीतून ओंजळ भरून बाहेर आले आणि म्हणाले, “आलो.” मग कुठे रॉड निघाले. परतताना मी बळीरामला नाही नाही ते बोललो.

“खालीच होता ना तो? कळलं ना आता?”

“आता कळला रं, कमळाकर. तवा ठावं नव्हता,” तो म्हणाला आणि त्याच देवेशकडची करवंदं खाऊ लागला. अशा माणसाशी भांडणार कसं?

ही सवय त्याला कुठून लागली, ते त्याच्या घरी गेल्यावर कळलं. आपट्याच्या अलीकडच्या गावात त्याचं घर. घरात बायको मनिषा आणि म्हातारी आई, रंभाआय. बळीराम कामावरून परत आल्याशिवाय ती जेवायची नाही. चार वाजोत, सहा वाजोत. सकाळी चहा-बटर, मग थेट लेक आल्यावर ताट. तो उंबऱ्यातून म्हणायचा, “आये, आलो. जेवून घे.” मग ती उठायची. डोळ्यांनी अधू झाल्यावरही ऐकल्याशिवाय उठायची नाही. चुलीपाशीच्या मांजरीसारखी सुनेला चिकटून स्वयंपाकघरात बसून राहायची.

मनिषा वैतागायची. “दादा, तुमीच सांगा आता. यानी फोन केला, उशीर हाय, तू जेव. तरी नाय जेवत.”

म्हातारी फटकन म्हणाली, “फोनमदनं आवाज येतो. मानूस येतो काय?”

मी बळीरामकडे पाहिलं. तो खाली मान घालून हसत होता.

गेल्या मे महिन्यात आम्ही चिखल्याजवळ घरटं काढायला गेलो होतो. वर चढणारे आपले मोबाइल माझ्याकडे ठेवतात. बळीराम मचाणावर असताना त्याचा फोन वाजला. मनिषा होती. तिला नीट बोलता येईना. आय गेली, एवढंच मला कळलं. बाकीचं नंतर समजलं: भाकरी थापत असताना सून वळून बघते तर म्हातारी भिंतीला टेकून बसल्या जागी गेलेली.

मी वर पाहिलं. बळीराम दोन्ही हातांनी घरटं सोडवत होता. त्या वेळी मी त्याला हाक मारली नाही. तो खाली आला, एकेकाचं नाव घेऊन विचारलं, सगळ्यांनी “आलो” म्हटलं, त्यानं आधी वरचा आकडा सोडवला, मग खालचं टोक, ब्लॉक परत केला. मग त्याला बाजूला नेऊन सांगितलं.

तो बराच वेळ हातमोजे काढत राहिला. मग विचारलं, “जेवली व्हती का?”

दुपारचा दीड वाजला होता आणि तो अजून घरी गेला नव्हता.

मी त्याला घरी सोडायला गेलो. अंगणात माणसं, आत बायकांचं रडणं. बळीराम उंबऱ्यात थांबला. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही, आणि कोणीतरी त्याला धरून आत नेलं.

दहाव्याला आम्ही सगळे आपट्याला पाताळगंगेच्या काठी जमलो. बळीरामनं डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. भाताचा पिंड मांडला, शेजारी मनिषानं म्हातारीला आवडणारी तांदळाची भाकरी आणि चहाचा कप ठेवला. आम्ही मागे सरलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते, चांगले भरपूर. पण एकही खाली उतरेना.

मी या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक असली आणि माणसं लांब असली की तो येतो. पण तिथे उभं राहिल्यावर माझीही नजर त्या फांदीवरून हलेना. भटजींना पुढे शिरढोणला जायचं होतं. ते हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात सोय आहे.”

“थांबा जरा,” बळीरामचे चुलते हसुरामकाका पुढे झाले. मनातलं पोटात ठेवणं त्यांना माहीत नाही. “बल्या, कावल्यांची घरं मोडतंस तू. ती गेली तवा पन तू तेच करत व्हतास. ते कशाला शिवतील? तिची विच्छा पन तीच व्हती, तू खांबावर चढू नये. सांग तिला, काम सोडतो म्हून. आता सांग.”

सगळे बळीरामकडे बघू लागले. खरं सांगतो, मला वाटलं, म्हणून टाक बाबा. दहाव्याला माणसं काय काय कबूल करतात आणि तेराव्याला विसरतात. आई उपाशी गेली हे त्याला आत किती टोचत होतं, ते मी दहा दिवस बघत होतो. तो धड जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. कावळा शिवला नसता तर हा माणूस जन्मभर ते ओझं घेऊन खांबाखांबानं हिंडला असता.

तो म्हणाला, “नाय काका. सुट्टी संपली का मी चढनार हाय. तिला खोटं कसं सांगू?”

काकांनी कपाळावर हात मारला. मनिषा रडायला लागली. भटजींनी दर्भ हातात घेतला.

तेव्हा बळीराम एकटाच पिंडापाशी गेला. हात जोडले नाहीत, की डोळे मिटले नाहीत. घराच्या दारात उभं राहावं तसा उभा राहिला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, “आये, आलो. जेवून घे.”

एवढंच बोलून तो वळला आणि खाली मान घालून आमच्याकडे चालत आला. पंचाच्या टोकानं तोंड पुसत माझ्याशेजारी उभा राहिला, पिंडाकडे पाठ करून. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आंब्यावरून एक कावळा उतरला. आधी दगडावर बसला, मान वाकडी करून भाताकडे पाहिलं. मग उडी मारून पुढे गेला, पिंडाला चोच लावली आणि भाकरीचा मोठा तुकडा उचलून नदीपलीकडे गेला. “शिवला! शिवला!” हसुरामकाका ओरडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

बळीराम वळला नाही. नदीकडे पाठ करूनच त्यानं मला विचारलं, “कमळाकर, जेवली?”

“जेवली,” मी म्हणालो. “मी बघितलं.”

त्यानं मान हलवली. दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर त्यानं घेतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.