बचित्तर उस्तादांचे कान

लुधियान्याच्या बसस्टँडसमोर गायकांच्या ऑफिसांचे जेवढे बोर्ड आहेत, तेवढे गाता येणारे सबंध पंजाबात नसतील. त्या बोर्डांच्या मागे, स्वेटरांच्या गोदामाखालच्या तळघरात बचित्तर सिंगांचा स्टुडिओ आहे. तिथे मी एकोणीस वर्षं ढोलकी वाजवतो, म्हणजे वाजवायचो. आता माझी ढोलकी कॉम्प्युटर वाजवतो आणि मी शेजारी बसून चहा पितो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

उस्तादांच्या कानांची ख्याती पार जालंधरपर्यंत. 'कान असावेत तर बचित्तरचे,' असं लोक म्हणायचे आणि उस्ताद मान खाली घालून ऐकायचे, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं. लग्नांच्या जलशांत भोंग्यांना चिकटून तारुण्य गेलं, त्यात बारीक, वरचे आवाज त्यांच्या कानांतून कायमचे निघून गेले. झांज, चकत्या लावलेला लोखंडी चिमटा, गायकाच्या उच्चारातला 'स', तिथे त्यांना नुसती शांतता. हे तिघांनाच ठाऊक होतं. ते, मी आणि त्यांची बायको नसीब कौर, माझी भरजाई, म्हणजे वहिनी.

भरजाई रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची आणि मागच्या सोफ्यावर बसायची. उस्तादांच्या समोर गाणाऱ्याच्या खोलीची मोठी काच, त्या काचेत ती दिसायची. चिमटा टोचायला लागला की ती ओढणी कानांवर ओढून घ्यायची. उस्ताद हळूच बटण खाली आणायचे. ओढणी खांद्यावर उतरली की गाणं तयार. गिऱ्हाइकांना वाटायचं, उस्ताद काचेकडे बघत समाधी लावतात. एका भक्ताने तर त्या समाधीचा फोटो काढून, चौकटीत घालून भिंतीवर लावला. अजून आहे. त्यात उस्ताद बायकोची ओढणी बघतायत.

गेल्या वर्षी भरजाई मुलीच्या बाळंतपणाला कॅनडात ब्रॅम्प्टनला गेली, पाच महिन्यांसाठी. आणि नेमका लवजोत उगवला, गायक व्हायला. बापाची साठ एकर जमीन आणि आवाजही बापाचाच, म्हशी हाकायचा. गाण्यात ट्रॅक्टर, बंदूक आणि एक मुलगी, महत्त्वाप्रमाणे याच क्रमाने. त्याचे सूर कॉम्प्युटरने मानगूट धरून एकेक करून जागेवर बसवले. मग उस्ताद मिक्सिंगला बसले. सवयीने काचेत बघितलं. सोफा रिकामा.

"दर्शन, चिमटा येतोय का रे?" उस्तादांनी मला विचारलं.

"येतोय, उस्तादजी."

उस्तादांनी बटण वर नेलं. मग अजून वर. त्यांना ऐकू येईपर्यंत तो चिमटा माझ्या दाढेच्या मुळाशी पोचला होता. मी का बोललो नाही? लवजोत शेजारी बसला होता, आणि मी मुळातच भित्रा माणूस आहे.

आमच्याकडे गाणं स्टुडिओत पास होत नाही, ट्रॅक्टरवर होतं. सहा स्पीकर लावलेला ट्रॅक्टर, इंजिन चालू, आणि भोवती माना हलवणारे दोस्त. इंजिनाच्या घरघरीने सगळं गाणं गिळलं, उरला फक्त चिमटा आणि लवजोतचा 'स'. दोस्त नाचायलाच लागले. आजवर पहिल्यांदाच त्यांना ट्रॅक्टरवर काहीतरी ऐकू आलं होतं! दोन महिन्यांत ते गाणं गावोगाव ठणठणत होतं. जो तो येऊन म्हणायचा, "उस्तादजी, आम्हालाही तसाच तिखट आवाज द्या." उस्ताद खूश. मीही खूश, कारण आता चहाबरोबर बर्फी यायला लागली होती.

भरजाई परत आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत वाटेत तिने ते गाणं सात वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली तेव्हा लवजोतचंच दुसरं गाणं चालू होतं. ती बसली आणि ओढणी कानांवर घेतली. उस्तादांचा हात बटणाकडे गेला.

"हात नका लावू, उस्तादजी," लवजोत म्हणाला. "तिखटच राहू दे. बीबीजींचं वय झालंय, त्यांना काय कळणार यातलं?"

भरजाई उठली. डबा टेबलावर ठेवला.

"जेवून घ्या. उद्यापासून दर्शन येईल डबा न्यायला. आता माझं काय काम इथे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उस्तादांनी काचेत न बघता सरळ खुर्ची फिरवली.

"थांब, भागवाने," ते तिला म्हणाले. मग लवजोतकडे वळले. "पुत्तर, माझे कान गेलेत. कधीचे गेलेत. लोक ज्यांची तारीफ करतात ना, ते कान हिचे आहेत. ते पहिलं गाणं ही नसताना केलं, म्हणून तसं बोंबलतंय."

लवजोतने वाकून उस्तादांच्या गुडघ्यांना हात लावला.

"वाहेगुरू! एवढा मोठा माणूस आणि काय ही नम्रता! बरं, तिखट कधी देताय?"

"देणार नाही."

"का?"

"हिला टोचतंय."

लवजोत पेनड्राइव्ह उचलून तीन दुकानं पुढच्या स्टुडिओत गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले, बर्फीही गेली. तिथल्या उस्तादाचे दोन्ही कान शाबूत आहेत. बिचाऱ्याला ते सगळं ऐकावं लागतं.

भरजाई आता सोफ्यावर बसत नाही, उस्तादांशेजारच्या खुर्चीत बसते आणि बटण स्वतःच फिरवते. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरची ढोलकी वाजली आणि तिने ओढणी कानांवर घेतली. बटण खाली आणलं, तरी ओढणी उतरेना.

"हा आवाज कुणाचा?" तिने विचारलं.

"यंत्राचा," उस्ताद म्हणाले.

"आणि हा दर्शन कशाला बसलाय इथे? चहा प्यायला?"

मी कपाटावरून ढोलकी काढली. धूळ झटकली. दोऱ्या ढिल्या पडल्या होत्या, त्या आवळायला मला अर्धा तास लागला. काचेच्या आत जाऊन बसलो आणि पहिली थाप मारली. बाहेर भरजाईने ओढणी खांद्यावर टाकली.