कपाटावरच्या गोळ्या

मांजर्लीतला माझा तळमजल्याचा शेजारी घरातली कुठलीच वस्तू जमिनीवर राहू देत नाही. मिक्सर माळ्यावर, रेशनकार्ड माळ्यावर, चपलासुद्धा खिडकीत. मी बाजाराची पिशवी जरा खाली टेकवली की म्हणतो, "वर ठेव भाऊ, वर." दिवसातून वीसदा. डोकं उठतं.

सोसायटीतल्या म्हाताऱ्यांबरोबर आम्ही क्रूझला गेलो, दोघं एकाच केबिनमध्ये. त्याला हार्टचा त्रास. गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हाताशी ठेव, असं मी दहादा बजावलं होतं. तिसऱ्या सकाळी जिन्यात त्याला धाप लागली, चेहरा राखेसारखा झाला. जहाजावरच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी घेता? "छोटी, पांढरी," हा म्हणाला. मग माझ्याकडे बघून पुटपुटला, "वर आहेत."

मी धावत केबिनमध्ये गेलो, खुर्चीवर चढलो. कपाटावर पार मागच्या कोपऱ्यात तीन गाठी मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत गोळ्या, चिठ्ठी आणि घरचं लाइट बिल. दोन दिवसांत एकही गोळी घेतलेली नव्हती.

दुपारी त्याला बरं वाटल्यावर मी तोंड सोडलं. "कपाटावर कशाला टाकल्यास?"

"खाली ठेवल्या आणि पाणी घुसलं तर? मग पिशवी मागे सरकली, हात पुरेना. तुला सांगायची लाज वाटली."

आम्ही जहाजाच्या नवव्या मजल्यावर होतो. त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मग ज्याला खरं हलवायला हवं तो बिल्डर आठवला. नदीकाठचा तळमजला आम्हा दोघांच्या गळ्यात मारताना तो गोड हसून म्हणाला होता, "काका, इथे पाणी येतच नाही."