काशप्पा मास्तरांचे चिंचोके

"मुळाला हात घाला, शब्द आपसूक वर येतोय," हे काशप्पा मास्तरांचं ठरलेलं वाक्य. सीमेवरच्या भालकीत त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शिकलेलं एकही पोर ते ऐकल्याशिवाय घरी गेलं नाही.

मास्तरांना स्वतःला इंग्रजी कुणी शिकवलं नव्हतं. एका फाटक्या शब्दकोशातून त्यांनी लॅटिनची मुळं वेचली होती. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. त्या एका मुळावर इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट उगवलेले. रेकॉर्डच्या पोटात लॅटिनमधलं 'कोर', म्हणजे काळीज आहे, हे सांगताना ते छातीवर हात ठेवत. उच्चार मात्र वडिलांच्या रीतीनं. वडिलांनी त्यांच्याकडून कन्नड वचनं चिंचोके मांडून पाठ करून घेतली होती, एका अक्षराला एक चिंचोका. तीच रीत त्यांनी इंग्रजीला लावली. सगळे चिंचोके सारखे, सगळी अक्षरं सारखी.

एका सकाळी शेजारची चैत्रा आली, त्यांच्याच ओसरीवर इंग्रजी शिकलेली. नर्सिंग शिकलेली पोर, परदेशातल्या दवाखान्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा देऊन नापास झालेली. पुढची परीक्षा तीन आठवड्यांवर. त्यानंतर दवाखान्यातली ती जागा राहणार नव्हती.

"शब्द चुकले का?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई अप्पा, भार चुकला, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते. आपण सगळं सारखंच म्हणायलाव. उदगीरच्या क्लासातले सर म्हणले, रेकॉर्ड नाम असलं तर पहिल्या अक्षरावर भार, क्रियापद असलं तर दुसऱ्यावर."

मास्तरांनी दोन चिंचोके मांडले. पहिल्याला आणखी एक जोडला आणि मोठ्यानं 'रेकॉर्ड' म्हणाले.

आतून त्यांची बायको सिद्धव्वा म्हणाली, "सकाळी सकाळी कुणावर खेकसायलाव?"

"इंग्रजीवर."

"इम्पोर्टंटमध्ये मधल्यावर भार हाय," चैत्रा हळूच म्हणाली.

"मूळ तर तेच की, पोर्ट. मग भार कामून हलायलाय? आन् सपोर्ट?"

"त्यात नाम असू दे का क्रियापद, दुसऱ्यावरच."

"मग तुझ्या सरांचा नियम कुठं गेला?"

"मला काय ठाव अप्पा." तिनं एक चिंचोका त्यांच्याकडं सरकवला. "राग धरू नका. त्या क्लासात जाऊ का?"

मास्तरांनी चिंचोके गोळा केले, पुन्हा मांडले, पुन्हा गोळा केले. चाळीस वर्षांत आपण किती पोरांना असं सपाट बोलायला लावलं आणि ती कुठं कुठं अडली, काही कळेना. मुळं खोटी नव्हती. मग चुकलं कुठं?

"उदगीरची बस कितीला हाय?"

"साडेदहाला."

त्यांनी टोपी चढवली, कपाटातून एक कोरी वही काढली. "चल. मी भी बसतो."

"अप्पा, तिथं सगळी पोरंच हाईत."

"असू दे. मागं बसतो."

रस्त्यानं ते निघाले. मास्तरांचा हात शब्दांचा भार मोजत हवेत एकदा वर, एकदा खाली होत होता. मध्येच ते थांबत, मान हलवत, पुन्हा चालू लागत. चैत्रा थांबून वाट बघे. सिद्धव्वा उंबऱ्यात उभी होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नवऱ्याच्या हातात तिनं तपासायच्या वह्याच पाहिल्या होत्या. दोघं बसस्टँडच्या वळणाआड गेली तरी ती तशीच बघत राहिली.