नबीलालच्या शेडमधली वाळू

यवतला हायवेच्या कडेला नबीलालची पत्र्याची शेड आहे. तिथे तो डिझेल इंजिनांचे पंप दुरुस्त करतो. बाहेर बारा महिने धुरळा, उसाच्या ट्रॉल्या, एसटीची वर्दळ. आत मात्र फरशीवर सांडलेला भात उचलून खावा इतकी स्वच्छता. त्याला कारणही तसंच आहे. पंपाच्या आतला दांडा त्याच्या नळीत इतका घट्ट बसतो की केससुद्धा मध्ये जायचा नाही. वाळूचा एक कण शिरला की दांड्यावर ओरखडा पडतो आणि दुरुस्त केलेला पंप चार दिवसांत परत दारात येतो.

म्हणून शेडच्या दारात नळ, नळापुढे ओलं पोतं आणि पोत्यापुढे पिवळी रेघ. चपला नळापाशी काढायच्या, पाय धुवायचे, पोत्यावर पुसायचे आणि मगच रेघ ओलांडायची. गिऱ्हाईक असो नाहीतर सख्खा मेहुणा, नियम एकच. कवठे येमाईचे एक बडे बागायतदार बूट काढायला तयार होईनात, तर नबीलालने त्यांचा पंप उचलून दाराबाहेर त्यांच्याच हातात दिला. "बूट घरी ठिवून या, मग बघू." दुसऱ्या दिवशी बागायतदार मुकाट्याने चपला घालून आले आणि नळापाशी काढूनही ठेवल्या.

या रेघेचा दुसरा पहारेकरी म्हणजे भिमाजी. एकोणीस वर्षं दोघं एकाच बाकावर. नबीलाल पंप खोलायचा आणि जोडायचा, भिमाजी सुटे भाग धुवायचा आणि मशीनवर पंप तपासायचा. दुपारी नबीलाल नमाजाला मशिदीत जायचा. तो परत येईपर्यंत भिमाजी डबा उघडायचा नाही.

ऐन गाळपाच्या दिवसांत घोटाळा झाला. पाटसच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या सोपानरावांचा पंप पाचव्या दिवशी परत आला. नबीलालने खोलून बघितला. दांड्यावर नखाने जाणवेल असा ओरखडा. सोपानराव चार लोकांच्या देखत म्हणाले, "नबीलाल, शेडीत आता वाळू पेरतोस का काय? अजून एक पंप असा आला, तर पाटसची एक गाडी तुझ्या दारात उभी राहणार न्हाई."

नबीलालचा चेहरा काळवंडला. सगळी कमाई म्हणजे हे नाव. तेच गेलं तर पत्र्याच्या शेडीला काय किंमत? त्याच दुपारी तो गुडघ्यांवर बसला आणि बॅटरी लावून फरशी बघू लागला. बाकाखाली, त्याच्याच स्टुलापाशी, चिमूटभर वाळू चमकली.

आता हा माणूस संशय घेणार तो कुणाचा? भिमाजी चार दिवस शिरूरला लेकीकडे गेला होता आणि आदल्याच दिवशी परतला होता. लेकीचं घर घोड नदीच्या कडेला. नदी म्हटली की वाळू आली. त्यात हायवेच्या पलीकडे नवं वर्कशॉप उघडलं होतं आणि त्यांनी भिमाजीला बोलावणं धाडलं होतं, हेही नबीलालच्या कानावर होतं. शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकायला लागली की ती पाल गप्प बसत नाही.

तो भिमाजीवर नजर ठेवायला लागला. भिमाजी किती वेळा बाहेर जातो, येताना पोत्यावर पाय नीट पुसतो की नुसता टेकवतो, पिशवी कुठे ठेवतो. भिमाजी फोनवर बोलला की नबीलालचे कान टवकारायचे. रोज दुपारनंतर बाकाखाली वाळू दिसायची. सकाळी फरशी लख्ख असायची, म्हणजे वाळू दिवसा येत होती आणि दिवसा आत माणसं दोनच.

चौथ्या संध्याकाळी नबीलाल जायचं नाटक करून निघाला आणि पाचच मिनिटांत परतला. भिमाजी ओलं फडकं घेऊन स्टुलाखाली वाकला होता. कोपऱ्या-कोपऱ्यातून बोट फिरवून वाळू टिपत होता.

"पुसतोयस व्हय? माग काढून टाकतोयस?" नबीलाल ओरडला. "कुणी सांगितलं तुला? पलीकडच्यांनी? खिसं झाड आधी!"

भिमाजी सावकाश उठला. मग दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. सायकलची किल्ली, तंबाखूची पुडी, शिरूरच्या एसटीचं तिकीट. वाळूचा कण नाही. त्याने सगळं परत खिशात घातलं, फडकं पिळून खिळ्याला अडकवलं आणि रेघ ओलांडून चपला घातल्या.

"येतो, नबीभाई," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

चोर गेला, आता वाळू थांबेल, असं नबीलालला वाटलं. पण वाळू थांबली नाही, उलट वाढली. मग संशयाला दुसरं घर शोधावं लागलं. चहा घेऊन येणाऱ्या बायकोचा, मुमताजचा, कप रेघेबाहेर अडवला जाऊ लागला. ती भडकली. "माझ्याबी खिशात हात घाला आता! एकोणीस वर्षांचा माणूस घालवला, बायकोला घालवायला किती येळ लागतो?" मग मांजरावर आळ आला. मग पत्र्याच्या फटींवर. नबीलालने शिडी लावून सगळ्या फटी बुजवल्या. दुसऱ्या दुपारी वाळू हजर.

जुम्म्याच्या दिवशी नमाज पढून नबीलाल आला. मशिदीचं नवं बांधकाम दोन महिने चाललं होतं आणि वाटेत वाळूचा मोठा ढीग पसरला होता. नमाजासाठी पँटचे पाय त्याने घोट्याच्या वर दुमडले होते. नळाच्या पाण्यात भिजू नयेत म्हणून ते तो शेडमध्ये येईपर्यंत तसेच ठेवायचा. त्याने चपला काढल्या, पाय चोळून धुतले, पोत्यावर पुसले. नियम म्हणजे नियम. आत येऊन स्टुलावर बसला. धुतलेले भाग ठेवायचा स्टीलचा ट्रे त्या दिवशी खाली जमिनीवर होता. त्याने सवयीने वाकून पँटची दुमड सोडली.

ट्रेमध्ये सर्रकन आवाज झाला.

नबीलाल तसाच वाकलेला राहिला. मग दुसऱ्या पायाची दुमड सोडली. पुन्हा सर्रकन. चालताना चपलेने उडालेली वाळू दुमडीत साठत होती, आणि रोज तो ती स्वतःच्या हाताने बाकाखाली रिकामी करत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला आणखी एक गोष्ट आठवली. सोपानरावांचा पंप त्याने जोडला होता तो भिमाजी शिरूरला होता तेव्हा. त्या चार दिवसांत फडकं खिळ्यालाच होतं.

शेड उघडी टाकून तो भिमाजीच्या घरी गेला. बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्या. भिमाजी दारात मेथी निवडत बसला होता. पलीकडच्या वर्कशॉपवर तो गेलाच नव्हता.

"भिमाजी, वाळू माझ्याच पँटीत व्हती."

"ठाव हाय मला."

"कवापासून?"

"मशिदीचं काम निघालं तवापासून. रोज सांजच्याला पुसून घ्यायचो."

"आरं, मग बोलायचं न्हाई?"

"नमाज पढून आलेल्या माणसाला पँट झाडा म्हणायचं कसं? मला संकोच वाटला. दोन मिनटाचं काम, पुसलं."

"आन् मी खिसं झाडायला लावलं, तवा तरी?"

भिमाजीने मेथीची एक काडी मोडली. "तवा बोलावंसं वाटलं न्हाई," तो म्हणाला.

नबीलालने हात जोडले. डोळे पुसले. भिमाजीच्या बायकोने दिलेला चहा घेतला आणि तो उठला.

सोमवारी सकाळी भिमाजी आला. नबीलालला इतका आनंद झाला की हातातला पाना खाली पडला. भिमाजीने चपला काढल्या, पाय धुतले, पोत्यावर पुसले. आणि पिवळ्या रेघेशी थांबला. दोन्ही खिसे उलटे केले. किल्ली, तंबाखूची पुडी. तळहातावर ठेवून नबीलालला दाखवली.

"आरं, राहू दे की, भिमाजी," नबीलाल कळवळून म्हणाला.

"नियम सगळ्यास्नी एकच, नबीभाई," भिमाजी म्हणाला आणि आत आला.

आता नबीलाल नमाजाहून आला की रेघेबाहेर उभा राहून पँटचे पाय चारचार वेळा झाडतो. पंप परत येत नाहीत, पाटसच्या गाड्या दारात उभ्या असतात. दुपारी दोघं एकत्रच जेवतात. आणि रोज सकाळी रेघ ओलांडण्याआधी भिमाजी न सांगता खिसे उलटे करतो. तेवढा वेळ नबीलाल खाली मान घालून बाकावरचा पाना शोधत राहतो.