वामनचं खोड आणि मायनरची भानगड

बहादरपुरात केळीची खोडं मोजता येणार नाहीत इतकी, पण 'वामनचं खोड' म्हटलं की सगळ्यांना एकच कळतं. ते वाद्य आहे. चेलो म्हणतात. माणसाएवढी सारंगी समजा, गुडघ्यांत धरून वाजवायची. वामन माझा धाकटा दीर. तरुणपणी मोटारी दुरुस्त करायला इंदूरला गेला आणि शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांकडून हे शिकून आला. सासूबाईंना वाटलं, पोरानं कपाट आणलं. घरात वाजवलं की म्हैस पान्हा चोरायची, म्हणून बिचारा केळीच्या बागेत जाऊन बसायचा.

पुढं जवळच्याच लालबागेत त्याला जोडीदार भेटले. ललित आणि वैजयंती, नवराबायको, दोघं व्हायोलिनवाले. तिसऱ्या रजनीबाई, त्यांच्याकडे व्हायोलिनची थोरली बहीण, व्हायोला. दर रविवारी चौघं जमतात. वामनच्या मनात एकच होतं, लेक तृप्तीच्या लग्नात आपण चौघांनी वाजवायचं.

"डीजे नाही वहिनी, मायनर वाजवणार."

"कालव्याचा? शेतात पाणी आणतो तो?"

"अहो, सुरांचा! जरा उदास असतो."

"मग लग्नात कशाला?"

"लेक चालली ना माझी," म्हणाला आणि चेलो पुसत बसला.

इच्छापुरच्या व्याह्यांना, सुपडूभाऊंना, त्यानं फोन लावला. "भाऊ, आमच्याकडून मायनर आहे बरं का. आधीच सांगतो, मागून तक्रार नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुपडूभाऊ भावाला घेऊन दारात. चेहरे उतरलेले.

"वामनभाऊ, खरं सांगा, पोरगी किती वर्षांची? पोलिसाचं लफडं नको आपल्याला."

तृप्ती चहा घेऊन आली. शाळेत शिकवते ती. "काका, सत्तावीस पूर्ण झाली. अजून किती मोठी होऊ?"

हसून हसून माझा चष्मा पडला. पण सुपडूभाऊंनी वामनला थोडं वाजवायला लावलं आणि मान हलवली. "असं रडकं मांडवात नको. शुभकार्य आहे."

वामननं चेलो भिंतीला टेकवला. मला राहवेना.

"व्याहीबुवा, पाठवणीला तर रडावंच लागतं ना? तेव्हा वाजवू द्या. वाद्यं रडतील, आमचे गळे वाचतील."

सुपडूभाऊ हसले. "जमलं!"

पाठवणीला चौघं मांडवात बसले. आम्ही बायका पदर हातात धरून तयार. सुरुवातीला अगदी हळू वाजलं. मग ललितनं असा काही वेग धरला की बाकीचे तिघं त्याच्या मागं धावले. सूर तोच, उदास, पण पाय ठेका धरायला लागले. रडायचं राहूनच गेलं. गाडीत बसलेली तृप्ती खाली उतरली, शालू सावरत बापासमोर मांडी घालून बसली. वामन वाजवता वाजवता असा हसला, की मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

सुपडूभाऊ डोळे पुसत ओरडले, "अरे, गाडी बंद कर! मायनर चालू आहे!"